पाखाडीच्या पैशांपासून संसदेपर्यंत: नागरिकशास्त्र शिकवताना ऑनलाइन साहित्य कसं वापरावं

सहावीच्या वर्गात ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा धडा चालू होता. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाची साधनं फळ्यावर लिहून झाली: घरपट्टी, पाणीपट्टी, यात्रा कर. मागच्या बाकावरून एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या वाडीची पाखाडी बांधली ना, तिचे पैसे यातल्या कशातून आले?” पाखाडी म्हणजे आमच्याकडची दगडी पायऱ्यांची वाट. तिचे पैसे कुठून आले ते मला सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी मी ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशोबाचं संकेतस्थळ पहिल्यांदा उघडलं आणि तेव्हापासून माझी शिकवण्याची पद्धत बदलत गेली.

नागरिकशास्त्रासाठी ऑनलाइन साहित्याची वाण नाही. पण बहुतेक शाळांत त्याचा उपयोग म्हणजे प्रोजेक्टरवर एक चित्रफीत लावायची आणि मुलांनी अंधारात बसून ती बघायची. त्यातून मुलांना ग्रामपंचायत ‘बघायला’ मिळते, पण पंचायतीच्या दारात उभं राहून प्रश्न विचारायचं धाडस येत नाही. माझा अनुभव असा, की क्रम उलटा हवा. प्रश्न वाडीतून यावा, त्याचा कागद पडद्यावर शोधावा आणि कागदावरचं खरं आहे का हे पुन्हा वाडीत जाऊन बघावं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत त्या वापरून बघितलेल्या आहेत. थोडा फेरफार केला तर पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही चालतील.

पहिली पायरी: शाळा सुरू व्हायच्या आधी सगळं उतरवून ठेवा

आपल्याकडे शाळा उघडते आणि पाऊस लागतो, दोन्ही एकदमच. मग वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि चालू असला तरी डोंगराच्या आडोशाच्या शाळेत एक काडी नेटवर्क. माझ्या एका तासाला बाहेरून पाहुणे तपासणीला आले होते आणि पडद्यावर पस्तीस मिनिटं फिरतं चाक होतं. तेव्हापासून थेट संकेतस्थळावर विसंबून मी एकही तास घेत नाही.

मे महिन्यातच एका पेनड्राइव्हवर पाच फोल्डर करा: पुस्तक, संविधान, पंचायत, निवडणूक, संसद. ई-बालभारतीवरून सहावी ते दहावीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती पहिल्या फोल्डरात ठेवा. फक्त आपल्या इयत्तेचं पुस्तक घेऊन थांबू नका. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था, दहावीत निवडणूक प्रक्रिया आणि राजकीय पक्ष असा चढता क्रम आहे. सहावीतलं मूल दहावीतला प्रश्न विचारतं तेव्हा तो धडा हाताशी असावा लागतो.

पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. २०१७ साली सुरू झालेल्या या मंचावर चांगल्या आणि साधारण चित्रफिती सरमिसळ आहेत. वर्गात लावण्याआधी प्रत्येक चित्रफीत स्वतः पूर्ण बघा आणि तिच्यातली तीन-चार मिनिटंच निवडा. बाकीच्या संकेतस्थळांवरून जे पान दाखवायचं त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला, कारण सरकारी आकडे बदलतात आणि मुलं बरोबर विचारतात, “बाई, हे कधीचं?”

प्रोजेक्टर नसेल तर काही अडत नाही. एका पानाची मोठी छापील प्रत काढून भिंतीवर लावली की पाच-सहा मुलांचा गट तिच्यासमोर उभा राहून बोटाने ओळी शोधतो. मला हे पडद्यापेक्षा जास्त आवडतं.

दुसरी पायरी: संविधान मूळ शब्दांत वाचा, तेही महाडच्या तळ्यावरून

केंद्र सरकारच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर भारताचं संविधान मराठीतून उपलब्ध आहे. शिक्षकही ते क्वचितच उघडतात, कारण भाषा जड वाटते. पूर्ण वाचायला घेऊच नका. एक कलम, एक तास.

मी सुरुवात कलम १५ च्या दुसऱ्या खंडापासून करते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणालाही कुठे अडवता येणार नाही याची तिथे यादीच आहे. त्या यादीत दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्तेही आहेत. मुलांना ही यादी मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा: देशाचा एवढा मोठा कायदा लिहिताना कुणाला विहीर आणि तलाव का आठवावा?

मग नकाशा उघडा आणि महाड दाखवा. आपल्याच कोकणातलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे दावा झाला, तो दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ज्यांच्या बालपणाची काही वर्षं दापोलीत गेली, तेच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हे सांगून झालं की पुन्हा त्याच यादीवर या आणि ‘तलाव’ हा शब्द परत वाचा. वर्ग शांत होतो, तो मी दरवर्षी बघते.

आठवी-नववीला याच्या पुढे जाता येतं. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर तारखेनुसार वाचायला मिळतात. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. मजकूर इंग्रजीत आहे, म्हणून त्यातला एखादाच परिच्छेद घ्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना सोबत घेऊन मुलांकडून त्याचा मराठी अनुवाद करून घ्या.

हा तास घेताना एक जपा. वर्गात कुणालाही “तुमच्या घरी असं झालंय का?” असं थेट विचारू नका. ज्याला सांगायचं असेल तो नंतर येऊन सांगतो. मात्र “आपल्या गावातल्या विहिरी कुणाकुणाच्या नावाने ओळखल्या जातात?” एवढा गृहपाठ द्यायला हरकत नाही. उत्तरं मुलं स्वतःच आणतात, आणि ती ऐकायची तयारी शिक्षकाने ठेवायला हवी.

तिसरी पायरी: ग्रामपंचायतीचा हिशोब

या पायरीला घाई करू नका, चार-पाच तास लागू द्या.

पंचायतींना संविधानात स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. त्याच तारखेला, २०२० साली, ई-ग्रामस्वराज सुरू झालं. पंचायतीने वर्षाचा कोणता आराखडा केला, कोणत्या कामाला किती रक्कम धरली, किती खर्च झाला हे त्यावर बघता येतं, आणि अहवाल बघायला लॉगिन लागत नाही. महाराष्ट्रात या आराखड्याच्या उपक्रमाला ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणतात, तो फलक बऱ्याच पंचायतींच्या भिंतीवर असतो.

घरी बसून आधी स्वतः करा: नियोजनाच्या अहवालांत जा, आर्थिक वर्ष निवडा, मग राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि शेवटी आपली ग्रामपंचायत. कामांची यादी येईल. कामांची नावं कधी इंग्रजीत, कधी रोमन लिपीतल्या मराठीत असतात, ती मुलांसाठी देवनागरीत उतरवून घ्या. एकच वर्ष घेऊ नका, लागोपाठची तीन वर्षं घ्या. याचं कारण पुढे सांगते.

वर्गात प्रत्येक गटाला तीन रकान्यांचा कागद द्या. पहिला रकाना ‘कागदावर काय आहे’, दुसरा ‘जागेवर काय आहे’, तिसरा ‘कुणाला विचारायचं’. गट वाडीनुसार पाडा, म्हणजे शनिवारी शाळा सुटल्यावर घरी जाता जाता काम बघून येता येतं. पाण्याच्या धड्याला हाच कागद चालतो. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर गावातल्या किती घरांना नळजोडणी आहे ते गावनिहाय दिसतं. मुलांनी आपल्या वाडीतले नळ मोजायचे. नळ आहे पण एप्रिल-मेमध्ये पाणी येतं का, हे त्या आकड्यात नसतं. ते मुलांच्या आयांना माहीत असतं, म्हणून तिसऱ्या रकान्यात ‘आई’ असंही उत्तर येतं आणि ते अगदी योग्य आहे.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी एकाच वर्षाचा आराखडा काढला होता. त्या मुलीच्या वाडीची पाखाडी यादीत दिसली नाही. वर्गात कुजबुज झाली, एका मुलाने घरी सांगितलं आणि रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरला, ‘पाखाडीचे पैसे कुणी खाल्ले?’ दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक शाळेत आले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. त्यांनी नोंदवही उघडली: काम आदल्या वर्षीच्या आराखड्यात होतं, ‘अंतर्गत रस्ता’ या नावाने, वित्त आयोगाच्या निधीतून. मी मुलांसमोर त्यांची माफी मागितली.

तेव्हापासून वर्गाचा नियम ठरला: कागद आणि जागा जुळली नाही तर तो प्रश्न असतो, आरोप नसतो. प्रश्न आधी पंचायतीत जाऊन विचारायचा, लेखी आणि नमस्कार करून. हा नियम तुम्ही पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा. आणि पंचायतीला आधी कळवा, मुलं येणार आहेत म्हणून. आमच्याकडे आता ग्रामसेवकच वर्षातून एक तास घेतात आणि मुलांना मूळ नोंदवही दाखवतात.

हे काम ऑगस्टच्या आधी पुरं केलंत तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला धरून शाळेत बालसभा घेता येते. ग्रामसभेचे सभासद गावचे मतदार असतात, मुलं नसतात, म्हणून बालसभेचा ठराव सरपंचांना लेखी द्यायचा. आमच्या मुलांनी शाळेच्या वाटेवरच्या पऱ्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, मागितला होता. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका. शिक्का मारलेली पोच हातात घेतल्यावर मुलांचा चेहरा बघा.

चौथी पायरी: समुद्रावरची हद्द

संघराज्य हा शब्द पाठ करून कुणाला कळत नाही. बंदरावरच्या मुलांना तो पंधरा मिनिटांत कळतो.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे आणि राज्यांचे विषय वाटून दिले आहेत. तिथे राज्यसूचीत २१ क्रमांकाला मत्स्यव्यवसाय आहे. आणि संघसूचीत ५७ क्रमांकाला क्षेत्रीय समुद्राच्या पलीकडची मासेमारी आहे. क्षेत्रीय समुद्र १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. गूगल अर्थवर अंतर मोजायची पट्टी असते. हर्णै, जयगड किंवा तुमचं जे बंदर असेल तिथून पश्चिमेला २२ किलोमीटरची रेघ ओढा. कायद्यात हे अंतर किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून मोजतात, त्यामुळे आपली रेघ अंदाजाची, हेही सांगा. आता विचारा: या रेघेच्या अलीकडे नियम कोणाचा आणि पलीकडे कोणाचा? यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते हे मुलांना पुस्तकाआधी माहीत असतं, कारण बाबा घरी असतात. पण राज्य आपल्या हद्दीपुरती आणि केंद्र पलीकडच्या हद्दीसाठी अशी बंदी वेगवेगळी लावतं, हे बहुधा नवीन असतं. प्रखर एलईडी दिवे लावून मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवरून वर्गात वाद होईल. होऊ द्या. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटवाले, दोन्ही घरची मुलं एकाच बाकावर असतात. दोघांनाही सारखा वेळ द्या आणि शिक्षकाने निकाल देऊ नये.

पाचवी पायरी: मतदान

२५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस, त्याला धरून वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्या. अर्ज, छाननी, माघार, प्रचार, गुप्त मतदान, मोजणी, सगळं करा. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही ठेवा. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावरून मतदार नोंदणीचा नमुना ६ उतरवून त्याच्या कोऱ्या प्रतीवर नववी-दहावीच्या मुलांकडून सराव करून घ्या. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षात चार अर्हता तारखा (१८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी मोजतात त्या) आहेत, हे मुलं घरी थोरल्या भावंडांना जाऊन सांगतात.

इथे एक गोंधळ हमखास होतो. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषदेच्या निवडणुका महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्हींची संकेतस्थळं शेजारी शेजारी उघडून दाखवा.

गावाची खरी मतदारयादी मात्र वर्गात पडद्यावर लावू नका. ती सार्वजनिक असली तरी त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची वयं आणि घरं असतात.

सहावी पायरी: आपला खासदार काय विचारतो

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्यांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं शोधता येतात. ‘कोकण’, ‘मासेमारी’, ‘आंबा’, ‘रेल्वे’ असे शब्द घालून इंग्रजीतून किंवा हिंदीतून शोध घ्या. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न असतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. एक उत्तर छापून वर्गात द्या आणि मुलांकडून पुढचा उपप्रश्न लिहून घ्या. आठवीला याहून चांगला लेखनाचा सराव मला सापडलेला नाही.

संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी आणि प्रश्नसंख्या असते. ती दाखवताना हे नक्की सांगा, की मंत्री असलेले सदस्य प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत. हे न सांगता रिकामा रकाना दाखवला तर मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात. पक्षांची तुलना वर्गात टाळा.

वेळ उरला तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुन्या कामकाजाकडे वळा. राजापूरमधून १९५७, १९६२ आणि १९६७ साली निवडून गेलेले बॅ. नाथ पै यांनी, संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही असं सांगणाऱ्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक मांडलं होतं. आपल्या राजापूरच्या खासदाराने अख्ख्या देशाला घटनेवर विचार करायला लावला, हे कोकणातल्या मुलाला ठाऊक असायलाच हवं. त्या भाषणांतलं एखादं पान तरी दाखवाच.

सातवी पायरी: व्हॉट्सॲपवरचा संदेश

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या आठवड्यात आणि पुढे २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडच्या पुरात खऱ्या इशाऱ्यांच्या जोडीने खोटे संदेशही फिरले. म्हणून हा भाग मी जीव वाचवण्याचा धडा समजून शिकवते. पावसाळ्यात आलेला एखादा संदेश घ्या आणि चार प्रश्न विचारा: कोणी लिहिला? तारीख आहे का? मूळ कुठे आहे? हवामान विभागाच्या मुंबई केंद्राच्या संकेतस्थळावर आत्ता आपल्या जिल्ह्याला इशाऱ्याचा कोणता रंग आहे? छायाचित्र असेल तर ते उलट शोधून जुनं आहे का ते बघा. संविधानाच्या कलम ५१क मध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणं हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ते पाठ करून घेण्यापेक्षा असा एक संदेश तपासून घेतला की ते कळतं.

माहितीचा अधिकार शिकवायचा तर तो सगळ्यात शेवटी. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, महाराष्ट्र सरकारचं ऑनलाइन अर्जाचं संकेतस्थळ, हे सगळं सांगा. अर्जाचा मसुदा वर्गात लिहा. पण आधी माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ वाचा, ज्यात न मागता जाहीर करायची माहिती आहे. मुलांनी विचारलेलं पुष्कळसं तिथेच किंवा पंचायतीच्या टेबलावर मिळतं.

मुलांच्या बाबतीत

कोणत्याही ॲपवर मुलांच्या नावाने खातं उघडू नका, आईचा ओटीपी मागवून तर नाहीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळेच्या एका फोनवर किंवा संगणकावर शिक्षकाने उघडावं, मुलांनी बघावं. बालसभेचे फोटो टाकताना चेहरे नकोत. फळा आणि ठराव दिसला की पुरे. आणि १०९८ हा बालमदत क्रमांक वर्गाच्या दाराशी मोठ्या अक्षरात लावा.

गुणांसाठी वेगळी चाचणी घेऊ नका. तीन रकान्यांचे कागद, ठरावाची पोच, लिहिलेला उपप्रश्न, तपासलेला संदेश, एवढं वहीत चिकटवलं की आकारिक मूल्यमापनाला पुरतं.

आपल्या बदल्या होतात. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पेनड्राइव्हची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा आणि सोबत एक वही: कोणत्या तारखेला कुठलं पान उतरवलं, कोणत्या वाडीने काय मोजलं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पाखाडीचा प्रश्न त्या मुलीच्याच अक्षरात आहे आणि त्याखाली ग्रामसेवकांनी लिहिलेलं उत्तर. साकवाचा ठराव सोळाव्या पानावर आहे. त्याच्याखाली जागा मोकळी ठेवली आहे.